सूर, संसार आणि शिकवणी



मागील नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्सात आपल्या गायनवृंदाची एक बाजू रिकामी होती, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आले असेल. पुरुषांचे आवाज होते, मधल्या पट्टीतील भगिनी होत्या, ऑर्गन होता. पण वरचा आवाज, ज्याला आपण सोप्रानो म्हणतो, तो धरायला फक्त दोघीच उभ्या होत्या. काही वर्षांपूर्वी तिथे सात-आठ जणी असत. त्या गेल्या कुठे? गाव सोडून कोणी गेले नाही. एकीचे लग्न झाले, एकीला बाळ झाले, एकीच्या यजमानांची चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्ट लागली, एक जण घरी शिकवण्या घेते आणि संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसलेला असतो. त्या सर्व जणी आजही रविवारी बाकावर असतात. गातात मात्र ओठांतल्या ओठांत.

या विषयावर आम्ही गायनवृंदाचे लोक बराच काळ कुरकुर करत होतो. या वेळी कुरकुर बाजूला ठेवून थोडा अभ्यास करायचे ठरवले. गाणे, शिकवणे आणि मुले वाढवणे या तिन्ही गोष्टी एका स्त्रीने एकत्र कशा केल्या, याची उदाहरणे आपल्याच मुलखात आहेत. ती आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. हा वरचा आवाज म्हणजे काय?

चार आवाजांच्या गायनात सर्वांत वरचा आवाज सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग पुरुषांचे टेनर आणि बास. गाण्याची मुख्य चाल बहुधा सोप्रानोकडे असते, म्हणून तो आवाज गळाला की बाकीचे तीन आवाज बरोबर गात असूनही गाणे ओळखू येत नाही.

हा आवाज देहाकडून बरेच काही मागतो. स्त्री साधे बोलते तेव्हा तिचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. आपल्या नेहमीच्या भक्तिगीतांतील वरच्या सुरांवर हाच आकडा ६०० च्या पुढे जातो, आणि शिक्षण घेतलेली सोप्रानो जेव्हा अगदी वरचा सूर लावते तेव्हा तो हजारावर पोहोचतो. हे काम गळ्याच्या जोरावर होत नाही. श्वासाच्या आधारावर होते, आणि तो आधार पोटाचे, कमरेचे व बरगड्यांमधले स्नायू देतात. बाळंतपणानंतर हेच स्नायू काही महिने सैल असतात. म्हणून बाळंतीण गायला लागली की दम पुरत नाही, सूर खाली येतो, आणि तिला वाटते, आपला आवाज गेला. आवाज गेलेला नसतो. त्याचा आधार परत येण्यास वेळ लागतो, एवढेच.

२. वृंदातील स्त्रीची जागा किती जुनी?

आज वृंदात भगिनी पुढे उभ्या असतात, म्हणून ती जागा त्यांना नेहमीच होती असे आपल्याला वाटते. तसे नाही. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताच्या आश्रयदात्या संत सेसिलियाच्या सणाच्या दिवशी, परमगुरू दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी एक आदेश काढला. त्या आदेशाने लोकांच्या उपासनेतील संगीताला शिस्त लावली. पण चर्चच्या गायनवृंदात स्त्रियांना घेऊ नये आणि वरचे आवाज लागले तर मुलग्यांकडून गाऊन घ्यावेत, असेही त्यात होते. १९५५ मध्ये परमगुरू बारावे पायस यांनी, मुलग्यांचा वृंद नसेल तिथे स्त्रियांना वेदीच्या आवाराबाहेर राहून गाण्याची मोकळीक दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, मार्च १९६७ च्या सूचनापत्रात स्त्री-पुरुषांचा एकत्र वृंद रीतसर मान्य झाला.

म्हणजे आपल्या आज्या लहान होत्या तेव्हा जी जागा कागदोपत्री त्यांची नव्हती, ती आपल्या भगिनींना मिळून साठेक वर्षेच झाली आहेत. इतक्या उशिरा मिळालेली जागा आपण केवळ सरावाची वेळ गैरसोयीची म्हणून रिकामी होऊ द्यावी का?

३. कुर्डीची मोगूबाई

त्या आदेशानंतर वर्षभराच्या आत, १५ जुलै १९०४ रोजी, गोव्यातील कुर्डी या गावी मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला. त्यांचे गाणे आपल्या हिंदुस्थानी रागसंगीताचे होते. सोप्रानो हा शब्द त्यांच्या गाण्याला लागू नाही. पण एका गाणाऱ्या आईला काय काय सांभाळावे लागते, हे समजून घ्यायला यांच्याइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे सापडले नाही.

मोगूबाईंच्या आईची, जयश्रीबाईंची, एकच इच्छा होती की मुलीने गायिका व्हावे. मोगूबाई दहा वर्षांच्या आसपास असतानाच ती आई गेली. मुलगी नाटक कंपन्यांतून कामे करू लागली. पुढे सांगलीत असताना जयपूर-अत्रौली घराण्याचे मोठे गवई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या कानावर तिचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा १९२२ च्या सुमारास मोगूबाईही मुंबईला आल्या. तिथे लगेच तालीम मिळाली असे झाले नाही. मधली कित्येक वर्षे त्या इतर उस्तादांकडे आणि खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांचा रीतसर गंडा बांधला गेला तो १९३४ मध्ये. त्या वेळी त्या तीस वर्षांच्या होत्या आणि घरात दोन वर्षांची मुलगी होती. ती मुलगी म्हणजे किशोरी.

आम्हाला इथे थांबावेसे वाटते. आपल्याकडे तिसाव्या वर्षी, पदरात लेकरू असताना एखादी भगिनी वृंदात नव्याने शिकायला आली, तर आपण काय म्हणतो? 'आता कशाला?' मोगूबाईंनी खरे शिक्षण त्याच वयात सुरू केले.

मुले लहान असतानाच त्यांच्या पतीचे निधन झाले. तीन मुलांचा संसार एकटीवर आला. मैफली रोज नसतात, आणि त्या काळी गाणाऱ्या बाईला बिदागीही बेताची मिळे, मान त्याहून बेताचा. मोगूबाई घरी शिष्यांना शिकवू लागल्या. त्यांच्याकडे शिकून कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर अशी मोठी शिष्यपरंपरा उभी राहिली. शिकवणीने घर चालले आणि घराणेही टिकले.

मैफलींच्या दौऱ्यांवर किशोरी आईमागे तानपुरा घेऊन बसे. घरी तालीम कडक होती. आई स्थायी-अंतरा एक-दोनदाच गाऊन दाखवी, तेवढ्यात तो मुलीने टिपायचा, असे किशोरीताई पुढे मुलाखतींतून सांगत. आईने मुलीला केवळ आपल्याच पंखाखाली ठेवले नाही. भेंडीबाजार आणि आग्रा घराण्याच्या गुरूंकडेही शिकायला धाडले. मुलगी मोठी झाल्यावर तिने घराण्याच्या चौकटीबाहेर जाऊन स्वतःची वाट काढली. १९६४ च्या एका हिंदी चित्रपटासाठी ती गायली, ते आईला रुचले नाही. मतभेद झाले, पण गाणे तुटले नाही. मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले, किशोरी आमोणकरांना १९८७ मध्ये पद्मभूषण आणि २००२ मध्ये पद्मविभूषण. आई फेब्रुवारी २००१ मध्ये गेली, मुलगी एप्रिल २०१७ मध्ये. आज किशोरीताईंची नात तेजश्री गाते आहे.

कुर्डी गाव १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती वर येतात आणि विखुरलेले जुने गावकरी तिथे जमतात. हिंदू आपल्या देवळाच्या उत्सवाला, ख्रिस्ती आपल्या चॅपलच्या सणाला. गाव बुडाले, पण त्या गावाचे नाव एका आईच्या आडनावात आणि तिच्या मुलीच्या गळ्यात शिल्लक राहिले.

४. पुण्यातील एक घर

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर ताराबाई माने यांनी पाच मुलांना आपल्या हिमतीवर वाढवले. सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वतीबाई ही ती पाच भावंडे. पाचही जण संगीत आणि रंगभूमीकडे वळली. त्यातील हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी, घरंदाज बाईने लोकांपुढे बसून गाऊ नये असा समज असलेल्या काळात, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि गाणाऱ्या स्त्रीला समाजात मानाची जागा मिळवून दिली. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर, त्यांनी केलेल्या जुगलबंदीच्या मैफली गाजल्या.

याच घरात पुण्याची एक मुलगी शिकायला येत असे. सुरेशबाबूंकडे आणि त्यांच्यानंतर हिराबाईंकडे ती शिकली. ती म्हणजे डॉ. प्रभा अत्रे. जानेवारी २०२४ मध्ये, ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि तोवर त्या गात व शिकवत होत्या. ताराबाईंचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण त्या एका आईने पाच मुलांना सुराला लावले नसते, तर पुढची ही सारी साखळी जुळली नसती.

५. मुंबईची सोप्रानो

तिसरे उदाहरण खऱ्या अर्थाने सोप्रानोचे. पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म १९६० साली मुंबईत, गोव्याकडील कॅथलिक कुटुंबात झाला. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकून त्यांनी युरोपातील मोठ्या रंगमंचांवर गायन केले. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) यांनी त्यांचा आवाज मनात धरून अनेक रचना लिहिल्या. संत मेरी ऑफ इजिप्त यांच्या जीवनावरील त्यांच्या संगीतनाट्यात, १९९२ मध्ये, मुख्य भूमिका पॅट्रिशियाबाईंनी गायली. २००१ मध्ये त्यांना ब्रिटनचा ओ. बी. ई. हा सन्मान मिळाला.

त्यांचे पती मार्क ट्रूप पियानोवादक आहेत, आणि संसार व संगीत दोन्ही त्यांनी जोडीने केले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवत असतानाच या दांपत्याने २००९ मध्ये भारतात येऊन तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या देशात चांगले आवाज आहेत, पण ते घडवणारे शिक्षक कमी आहेत, हे त्यामागचे कारण. गळ्याला परदेशात मान मिळाला. तो माहेरी परत कसा द्यायचा, हे त्यांनी शिकवण्यातून शोधले.

६. या तिघींकडून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट. शिकवणे म्हणजे गाणे सोडणे नव्हे. 'आता मी गात नाही, मुलांना शिकवते' असे आपल्या काही भगिनी थोड्या ओशाळून सांगतात. ओशाळण्याचे कारण नाही. मोगूबाईंचे गाणे जितके मैफलीत टिकले तितकेच ते शिष्यांत टिकले. देणगी जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचा दाखला आपण जाणतो. शिकवणारी स्त्री आपली देणगी पुरून ठेवत नाही, ती व्याजाने लावते.

दुसरी गोष्ट. मुले गाणे ऐकून शिकतात, सांगून नव्हे. किशोरीताई तानपुऱ्यामागे बसून शिकल्या. आपल्या घरात स्वयंपाक करताना आई गुणगुणत असेल, तर मुलाच्या कानाला सूर बसतो. सगळे दिवसभर मोबाइलवरचेच ऐकत असतील, तर तोही कान तसाच घडतो.

तिसरी गोष्ट. एकटीने हे होत नाही. पॅट्रिशियाबाईंच्या सोबत पियानोवर बसणारा नवरा होता. हिराबाईंच्या सोबत भाऊ होता, बहीण होती. मोगूबाईंना मात्र एकटीने ओढावे लागले, आणि त्याची किंमत मोजावी लागली. जिथे घरचे व मंडळीतले लोक हातभार लावू शकतात, तिथे एखाद्या भगिनीला मोगूबाईंसारखे एकटे सोडणे हे आपले कर्तव्य चुकवणे आहे.

आणि इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. चार वर्षांपूर्वी आपल्या वृंदातील एक भगिनी सात महिन्यांचे बाळ घेऊन सरावाला आली. बाळ रडले. आमच्यापैकी एकाने वही मिटली, दुसऱ्याने घड्याळाकडे पाहिले. तिला कोणी काही बोलले नाही. पण पुढच्या बुधवारी ती आली नाही, आणि तिच्या मागच्या बुधवारीही नाही. आम्ही चौकशी केली नाही. उलट 'लग्न झाले की या सोडतातच' असे आपापसांत म्हणालो. तिने वृंद सोडला नव्हता, आम्ही तिला सोडले होते. या पानावरून आम्ही तिची माफी मागतो. तिचे बाळ आता धर्मशिक्षणाच्या वर्गाला येऊ लागले आहे, आणि सिस्टर सांगतात की त्याचा सूर चांगला आहे. तो कोणाकडून आला, हे सांगायला नको.

७. घशाची काळजी: थोडे उपयोगाचे

आपल्या भागातील भगिनींचे घसे दोन कारणांनी बसतात. कारखान्यात मशीनच्या आवाजावर ओरडून बोलावे लागते, आणि शाळेत किंवा शिकवणीत तासन् तास चढ्या आवाजात बोलावे लागते. त्यासाठी काही साध्या सूचना:

• दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. गाण्याच्या आधी एकदम तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही.

• गोंगाटात ओरडण्याऐवजी समोरच्याच्या जवळ जाऊन बोला. वर्गात टाळी किंवा घंटी वापरा.

• घसा बसला असताना कुजबुजून बोलू नका. त्यानेही ताण पडतो. हळू, साध्या आवाजात बोला किंवा गप्प राहा.

• रोज दहा मिनिटे ओठ मिटून गुणगुणा, मग ओठ फुरफुरवत सूर खालून वर व वरून खाली न्या. पोळ्या लाटतानाही हे होते.

• बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून आधी श्वासाचे व्यायाम सुरू करा. वरचे सूर शेवटी.

• आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर काढ्यावर विसंबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

८. आमचा निर्णय

फादरांशी बोलून आम्ही सरावाची वेळ बदलत आहोत. बुधवारी संध्याकाळी सातला चाकण-भोसरीच्या ट्रॅफिकमधून कोणी पोहोचू शकत नव्हते, आणि पोहोचणाऱ्यांच्या घरी त्याच वेळी कुकर लावायचा असे. यापुढे सराव रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, सभागृहात, पाऊण तास. मुलांना घेऊन या. मुले धावतील, रडतील, मध्येच गातील. त्यांच्याकडे पाहायला दर रविवारी दोन पुरुष सभासद राहतील. पहिल्या महिन्याची नावे आम्ही आमचीच लिहिली आहेत. ज्यांची रविवारीही शिफ्ट असते, त्यांना त्या आठवड्याच्या गीतांची चाल रेकॉर्ड करून फोनवर पाठवू. महिन्यातून एकदा सराव झाला तरी जागा त्यांचीच.

ज्या भगिनी आता स्वतः गाऊ शकत नाहीत, त्यांनी धर्मशिक्षणाच्या मुलांना पंधरा मिनिटे एक गीत शिकवावे, अशी विनंती आहे. येत्या २२ नोव्हेंबरला, संत सेसिलियाच्या सणाला, त्या मुलांचे गाणे आपण सर्वांनी ऐकावे अशी आमची इच्छा आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात शेवटचे एकत्र गाणे कधी झाले? कोणी सुरुवात केली?

२. आपल्या आईने किंवा आजीने कोणती देणगी संसारासाठी बाजूला ठेवली? तिला कधी विचारले आहे का?

३. घरातील एखादी व्यक्ती आठवड्यातून पाऊण तास सरावाला यावी, म्हणून आपण कोणते एक काम आपल्या अंगावर घेऊ शकतो?

४. आपल्या शेजारच्या बाकावर ओठांतल्या ओठांत गाणारी एखादी भगिनी आहे का? या रविवारी तिला सोबत घेऊन या.

वरच्या आवाजाची बाजू अजून रिकामी आहे. खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत.

— गायनवृंदातर्फे